भंडारा उचलून खोटं

वर्षातले आठ महिने आमचं घर दोन घोड्यांच्या पाठीवर असायचं. एकीवर भांडी, पीठ, वाकळा आणि सगळ्यांत वर पाय बांधलेल्या चार कोंबड्या. दुसरीवर मेंढरांभोवती लावायची जाळी, जिला आमच्यात वाघर म्हणतात, आणि वाघरीच्या घडीत चालून दमलेली कोकरं. दिवाळी झाली की माणदेशातलं आमचं गाव सोडायचं, विट्यावरून उतरत पलूसच्या बाजूला ऊसपट्ट्यात यायचं आणि आभाळ भरून यायला लागलं की परत फिरायचं. लहानपण म्हटलं की मला आधी आवाज आठवतात. घोडीच्या पाठीवर एकमेकांवर आपटणारी भांडी, आईमागं ओरडत धावणारी कोकरं, आणि आबांची जिभेच्या टोकावर काढलेली ती चकचक, जी ऐकली की शेकडो मेंढरं एकदम मान वर करायची. आता सांगलीत माझ्या घरासमोरून कधी कधी मेंढरं जातात. बिऱ्हाड टेम्पोत असतं, मेंढक्याच्या कानाला मोबाईल असतो. मी काठी टेकत फाटकापर्यंत जाते. सून म्हणते, आई, धुळीत कशाला उभ्या राहता. तिला काय सांगायचं, मी वास घ्यायला उभी राहते.

ऊसपट्ट्यातलं खाणं आमच्या माळावरच्या खाण्याहून वेगळं असायचं. गावी बाजरीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं, फार तर कांदा. इकडं तळाजवळ गुऱ्हाळ असलं की आय तांब्या घेऊन मला पाठवायची आणि गुळव्या त्यात गरम काकवी ओतायचा. भाकरी, काकवी आणि मेंढीच्या दुधाचा दाट चहा. तीन दगडांच्या चुलीशी बसून ते खाताना मला वाटायचं की ऊसवाले लोक रोज असंच गोड खात असणार, म्हणून त्यांची बोलणीही गोड. माझी आय मात्र या गोड बोलण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. ती तोंडानं फटकळ, हातानं उदार. आबा तिच्या उलट. माझे वडील म्हाकू मेंढके म्हणून त्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत होते. बोलणं कमी, आवाज कधी चढायचा नाही. घोडी लंगडली, पावसानं पीठ भिजलं, कुत्र्यानं कोकरू धरलं, काही झालं तरी त्यांचं एकच वाक्य. "त्याची दया हाय." तो म्हणजे बिरोबा. आबांच्या कमरेला भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची, कापडी पिशवी असायची. भाकरी मोडण्याआधी त्यातली चिमूट ते कपाळाला लावायचे. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि मला त्या वाक्याचा वीट आला होता. दया असेल तर घोडी लंगडतेच कशाला, असं मी एकदा म्हणाले. आबांनी माझ्याकडं बघितलं आणि घोडीच्या खुराला तेल लावत राहिले. त्यांच्याशी भांडायची ही पंचाईत होती. ते भांडायचेच नाहीत.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं आजही माझी माणसं आहेत. गावाच्या शिवेवर ओढ्याकाठी इंदाकाकीचं लहानसं रान होतं. तिचा नवरा पलटणीत होता, तिकडंच गेला. मूलबाळ नव्हतं. ऊस तुटून गेला की रानात मेंढरं बसवायची, रात्रभराच्या लेंड्या आणि मूत जमिनीत मुरलं की पुढचं पीक जोरात येतं, म्हणून शेतकरी मेंढक्यांची वाट बघत असतात. इंदाकाकी दर साली शिवेवरच आम्हाला गाठायची आणि म्हणायची, "म्हाकूदादा, पयल्यांदा माझ्याकडं हं." आबा मान हलवायचे. त्या वर्षीही हलवली.

गावातलं निम्मं शिवार तात्यांचं होतं. रस्त्याकडेला त्यांच्या पाण्याच्या मोटारीचा मोठा सिमेंटचा हौद होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची जनावरं तिथंच पाणी प्यायची. दुसऱ्या दिवशी तात्यांचा गडी दगडू निरोप घेऊन आला, की मेंढरं उद्यापासून आमच्या रानात आणा. आबांनी सांगितलं, चार दिवसांनी येतो. मग तात्या स्वतः मोटारसायकलवर आले. उतरलेही नाहीत.

"बाईच्या वीतभर तुकड्यासाठी मला थांबवतो व्हय, म्हाकू?"

"थांबवत न्हाई, तात्या. तिला शबूद दिलाय. तुमची पाळी हायच की."

"मला पाळी लावतो तू?"

"रागवू नका. चौथ्या दिवशी सकाळी मेंढरं तुमच्या बांधावर असतील."

तात्या हसले, गाडीला किक मारली आणि गेले. ते हसले याचं मला बरं वाटलं होतं. आयला वाटलं नाही. ती म्हणाली, "ह्यो माणूस दात दाखवून गेला." आबा म्हणाले, "दातच हायत, दाखवणार."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंदाकाकीच्या विहिरीवरून पाणी घेऊन येत होते. हौदावर दगडू वाकून उभा होता. पांढरं पोतं त्यानं पाण्यात उलटं धरलं होतं आणि झटकत होता. मला वाटलं पोतं धुतोय. युरियाची रिकामी पोती धुऊन, उसवून सगळेच वापरायचे, आमच्या पालाच्या एका बाजूलाही तीच होती. मला बघून तो एकदम ताठ झाला आणि म्हणाला, "काय बघती गं? जा की." मी गेले. घागर डोक्यावर होती, मान दुखत होती. त्याच्या बोलण्यात काही वेगळं आहे हे मला कळलं होतं आणि तरी मी आबांना ते सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काय होतं? या प्रश्नाचं उत्तर मी आज नातवंडांची आजी झाले तरी शोधते आहे.

दुपारी आबा मेंढरं घेऊन परतले. सकाळपासून उन्हात उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, खाल्लेली, तहानलेली मेंढरं हौद दिसताच पळत सुटली. पुढची दोन-तीनशे पाण्याला लागली आणि मागची त्यांच्या अंगावर चढायला लागली. थोड्या वेळानं पहिली मेंढी जागच्या जागी थरथरायला लागली. मग दुसरी. पोटं फुगली, तोंडाला फेस आला, आणि मेंढरू कधी ओरडत नाही अशा घोगऱ्या आवाजात ती ओरडायला लागली. आबांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकलं आणि मागच्या मेंढरांना काठीनं, हातानं, लाथांनी मागं लोटायला सुरुवात केली. आबांनी मेंढराला लाथ मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मी आणि आय आडव्या पडलेल्यांना उठवत होतो. ती उठत नव्हती.

इंदाकाकी ओरडणं ऐकून धावत आली. तिनं फेस बघितला आणि म्हणाली, "युरिया हाय ह्यो. आमच्या म्हशीनं चाटला हुता तवा डाक्टरनं चिंच कोळून पाजायला लावलेली. चिंच आणा, ताक आणा. आंबट आसंल ते आणा." आणि ती गावाकडं पळत सुटली. पन्नाशीची बाई, पदर खांद्यावरून निसटलेला, दारादारांत ओरडत गेली. मग बायका यायला लागल्या. कळशीत ताक, पातेल्यात कोळलेली चिंच, कुणाच्या हातात नुसताच चिंचेचा गोळा. एकीनं जबडा धरायचा, दुसरीनं ओतायचं. सगळ्यांत मोठी घागर तात्यांच्या घरातून आली. त्यांची बायको ताराकाकू स्वतः डोक्यावर घेऊन आली होती. तिच्या दारात सहा म्हशी, घरात ताक कधी कमी नसायचं. चांगल्या लुगड्यात ती चिखलात बसली, मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या दातांत बोटं घालून ताक ओतत राहिली. बोटांतून रक्त आलं तरी थांबली नाही. मी तिच्या शेजारी होते. मला तिचा राग येत होता आणि मी तिला वाटी भरून देत होते.

दिवस कलला तेव्हा निम्मी मेंढरं उभी होती आणि निम्मी आडवी. इंदाकाकीच्याच रानात खड्डा काढला. आबांनी एकेका मेंढीच्या कपाळाला भंडारा लावला. आय मोठमोठ्यानं तात्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. आबा फक्त म्हणाले, "तोंड नको घाण करू." मग ते माझ्याकडं वळले. "बायका आल्या बघ सगळ्या. त्याची दया हाय." मला त्या क्षणी आबांना मारावंसं वाटलं. मी म्हणाले, "आबा, देवाला ताक धाडायला येतं, मग पोतं ओतणाऱ्याचा हात धरायला का येत न्हाई?"

आबांनी भंडाऱ्याच्या पिशवीचं तोंड आवळलं. "ते मलाबी म्हाईत न्हाई," ते म्हणाले.

मग मी हौदावर काय बघितलं ते सांगितलं. त्यांनी मला बोलही लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी चावडीत माणसं जमली. जनावरांचा डॉक्टर येऊन गेला होता, त्यानं युरियाच असल्याचं सांगितलं होतं. पोलीस पाटील म्हणाले, कुणीतरी पोती धुतली असतील, चुकून झालं असंल. चुकून हा शब्द त्या सकाळी इतक्या जणांनी उच्चारला की ऐकणाऱ्याला वाटावं युरिया स्वतःच चालत हौदात गेला. आबांनी मला पुढं केलं. "बघितलंस तेवढंच सांग. जास्त न्हाई, कमी न्हाई." मी सांगितलं. हौद, पोतं, दगडूचं बोलणं, तेवढंच. सगळी चावडी खाली बघत होती. त्यांना माहीत होतं. काल ताक घेऊन आलेल्या बायकांचे नवरे, भाऊ, दीर तिथं बसले होते, आणि एकाचीही मान वर होत नव्हती. कुणाचा ऊस तात्यांच्या ओळखीनं कारखान्याला जायचा, कुणाच्या रानाला तात्यांच्या मोटारीचं पाणी होतं.

तात्या शांतपणे म्हणाले, "पोरीचं वय काय, बोलणं काय. दगडूला इचारा. त्याला भंडारा उचलून शपथ घेऊ द्या. आमी देवाच्या बाहेर न्हाई."

सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबांनी कमरेची पिशवी सोडली आणि दगडूपुढं धरली. दगडूही आमच्यासारखाच गरीब माणूस, पायात चप्पल नाही. त्यानं पिशवीत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा भंडारा बोटांतून गळत होता. त्यानं तात्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "म्या पाण्यात काय टाकलं न्हाई. पोतंबी धुतलं न्हाई. म्या तितं नव्हतोच."

मी ओरडले, "खोटं बोलतोय त्यो. माझ्यासंगं बोलला त्यो." आबांनी माझा दंड धरला. पोलीस पाटील उठत म्हणाले, "देवाच्या नावानं झालं, आता वाढवू नका." माणसं धोतरं झटकत उठली. एकानं जाता जाता आबांच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या हाताची शिसारी आली.

वाटेत मी आबांना विचारलं, "पिशवी दिलीत कशाला? तुमाला म्हाईत हुतं त्यो खोटं बोलणार."

"माझ्याजवळ दुसरं काय हाय, हौसा?" आबा म्हणाले. "कोर्ट हाय का, पोलीस हाय का? जे हाय ते म्होरं केलं. त्यात हात घालून खोटं बोलायचं का न्हाई, ते त्याच्याकडं."

माझ्या मनात आशा होती ती वेगळीच. भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचं सात दिवसांत वाटोळं होतं, असं मी जन्मल्यापासून ऐकत होते. आम्ही आणखी आठवडाभर तिथं होतो, उरलेली मेंढरं चालण्याजोगी होईपर्यंत. मी रोज काहीतरी निमित्त काढून दगडूच्या झोपडीवरून जायची. त्याला साप चावलेला असेल, त्याची जीभ जड झाली असेल, निदान ताप तरी आला असेल. सातव्या दिवशी तो दारात बसून पोराचे केस कापत होता आणि पोरगं हसत होतं. मी तिथंच बांधावर बसून रडले. मेंढरं मेली तेव्हा मी रडले नव्हते. दगडूला ताप आला नाही म्हणून रडले. देवाचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. पुढंही आला, पुष्कळदा आला.

निघायच्या आदल्या दिवशी तात्या तळावर आले. वाईट झालं म्हणाले. आबांनी आयला चहा टाकायला सांगितला. आय उठली नाही, मी उठले नाही, तेव्हा आबांनीच उठून चूल पेटवली आणि स्वतःच्या हातानं कप तात्यांपुढं ठेवला. ते म्हणाले, "तात्या, तुमच्या घरच्या ताकानं लय मेंढरं वाचली. ताराकाकूंना सांगा." तात्यांचा कप तोंडाशी नेता नेता थांबला. मग ते चहा तसाच ठेवून गेले. आय म्हणाली, "बरं मारलंत." आबा चिडले, खरंच चिडले. "म्या मारलं न्हाई. वाचली ती वाचली म्हणून सांगितलं." मला वाटतं आबा खरं बोलत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

गावी परतल्यावर भावकीतल्या प्रत्येक घरानं आम्हाला एकेक मेंढी दिली. आमच्यात तशी रीत आहे. माणूस बिनमेंढरांचा होऊ द्यायचा नाही. पावसाळ्यात कळप पुन्हा थोडा भरला. आणि दिवाळी झाल्यावर आबा पुन्हा त्याच वाटेनं, त्याच गावाला निघाले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, "दुसरी गावं न्हाईत का?" ते म्हणाले, "इंदाकाकीनं काय केलंय आपलं?"

ती शिवेवर उभी होतीच. तात्या सरपंच झाले होते. दगडूच्या झोपडीवर पत्रा आला होता. हौदाला नवा रंग होता. हे सगळं मी बघितलं आणि वाटलं की देव असलाच तर तो यांच्याकडचा आहे. वाचक गोष्टीचा शेवट शोधत असतील तर सांगते, तात्या पुष्कळ जगले, नातवंडांच्या गराड्यात घरीच गेले. दगडू कधी माझ्याकडं येऊन काही बोलला नाही. ताराकाकूही त्या दिवसाबद्दल अवाक्षर बोलली नाही, पण माझ्यासाठी ताक मात्र धाडायची. माझ्यासाठी, कारण मी त्या गावातच राहिले. इंदाकाकीनं त्या वर्षी आबांना विचारलं, "पोरगी माझ्याकडं ठेवा. तिला डोकं हाय, मी साळंत घालते. मला कोन हाय?" आणि आबा हो म्हणाले.

त्या गावात. त्या माणसांत, ज्यांनी माना खाली घातल्या होत्या. मी आयच्या गळ्यात पडले, जेवले नाही, पळून जायची धमकी दिली. काही उपयोग झाला नाही. आज माझ्या नावापुढं निवृत्त शिक्षिका लागतं ते त्या होकारामुळं, हे मला कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की आबा मला लांडग्यांत सोडून चाललेत आणि वर म्हणणार आहेत, त्याची दया हाय.

ते निघाले त्या सकाळी घोड्या लादून झाल्या होत्या. आय पुढं झाली. आबा मला ओढ्याच्या काठावर घेऊन बसले. मी म्हणाले, "तुमी रोज हात जोडून देवाला काय मागता? काय मिळालं तुमाला?"

"मागत न्हाई म्या काय," आबा म्हणाले. "सांगतो."

"काय सांगता?"

"दिसभर काय झालं ते. कोन कसं वागलं. माझं काय चुकलं. कवा कवा त्याला शिव्याबी घालतो."

आबा देवाला शिव्या घालतात हे मला माहीत नव्हतं.

"मेंढरं मेली तवा?"

"लय घातल्या. तुमी सगळी झोपल्यावर. त्यानं ऐकून घेतलं. तात्या न्हाई ऐकून घेणार, चावडी न्हाई घेणार. त्यो घेतो. म्हणून म्या त्याला सोडत न्हाई. तूबी सांग. नावानिशी सांग."

मी हात जोडले नाहीत. ओढ्याकडं तोंड करून बसले आणि बोलायला लागले. तात्यांचं नाव घेतलं, दगडूचं घेतलं, पोलीस पाटलांचं, चावडीत बसलेल्या एकेकाचं. मग हौदावर गप्प राहिले त्या माझं घेतलं. मग, अडखळत, आबांचंही घेतलं, मला इथं सोडून जातात म्हणून. लांबून आयनं हाक दिली. मेंढरं रस्त्याला लागली होती, कुत्री पुढं पळत होती. कळप हलला की त्याच्या पुढं आबा असायचे, त्यात कधी फरक पडला नव्हता.

मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं सांगून?"

"न्हाई."

"मग सांग," आबा म्हणाले, आणि काठी आडवी ठेवून नीट मांडी घालून बसले. "म्या थांबलोय."